ओळखीचा आवाज

आधी खोकला आला. दोनदा, कोरडा, आणि दुसऱ्या खोकल्यामागून घसा साफ केल्याचा आवाज. कानांवर हेडफोन, बोटं कीबोर्डवर, उजव्या पायाखाली रेकॉर्डिंग चालवायचं पेडल, आणि समोरच्या कागदावर लिहिलेलं, सहभागी क्रमांक सतरा. सकाळचे साडेदहा वाजलेले. असा खोकणारा माणूस जगात एकच होता आणि तो दोन तासांपूर्वी तिच्याच घरातून, तिनंच भरलेला डबा घेऊन बाहेर पडला होता. तरी तिनं स्वतःला समजावलं, की बाई, खोकले काय, सगळ्यांचे सारखेच. मग तो माणूस म्हणाला, "इथं बसू, का खिडकीपाशी बसू?" आणि समजावण्यासारखं काही उरलं नाही. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, हा माणूस कुठंही गेला तरी आधी खिडकीपाशी बसू का विचारतो. दवाखान्यात, बँकेत, परक्यांच्या घरी, सगळीकडे. तिचा पाय मात्र पेडलवरून हलला नाही.

हलायला हवा होता. तिथला नियमच तसा होता, आणि तो तिच्याइतका कुणाला पाठ नव्हता. मानसशास्त्र विभागात माणसं येत, बंद खोलीत बसून संशोधकांशी बोलत, आणि ते बोलणं शब्दन् शब्द टाइप करायचं काम मागच्या लांबट खोलीतल्या तीन बायकांकडे होतं. त्यांतली सगळ्यात जुनी ती, सोळा वर्षं या कामात असलेली. माणसाचं नाव टाइप करणाऱ्यांना कळत नसे, नुसता नंबर कळे. बोलण्यात आलेली नावंसुद्धा संशोधक आधीच पुसून टाकत. तिथं पीं असा आवाज येई आणि टाइप करताना कंसात 'नाव' एवढंच लिहायचं. पण आवाजाला कुठून बुरखा घालणार? म्हणून नियम असा, की आवाज ओळखीचा वाटला, नुसता वाटला तरी, पाय उचलायचा. हेडफोन काढायचा. खणात पिवळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा असतो, त्यातल्या एकीवर 'ओळखीचा आवाज' असं लिहून फाइल त्याच दिवशी परत करायची, आणि पुढं त्याबद्दल घरी, दारी, देवाजवळसुद्धा बोलायचं नाही. सोळा वर्षांत तिनं तशा दोन चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. एकदा शेजारणीची बहीण निघाली होती, एकदा दातांचा डॉक्टर. डॉक्टरचं तर पहिलंच वाक्य ऐकून तिनं पाय उचलला होता, आणि पुढं दोनदा त्याच्यासमोर आ वासून बसली तरी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नव्हतं. नव्या मुली आल्या की विभागाचे मोठे सर त्यांना तिच्याकडे पाठवत, नियम यांच्याकडून शिका म्हणत. ती शिकवायचीही, जरा तोऱ्यातच. लोक आपल्याकडे विश्वासानं काहीतरी ठेवून जातात, ते आपलं नसतं, असं ती त्या मुलींना सांगायची.

हेडफोनमध्ये आता ती पोरगी बोलत होती. पोरगी म्हणजे संशोधिका, सत्तावीस-अठ्ठावीसची, विभागात दोन वर्षांपूर्वी आलेली. टाइपच्या खोलीत तिला हुंकारबाई म्हणत, कारण समोरचा बोलत असला की ती मधूनमधून फक्त 'हं' म्हणे, आणि ते सगळे 'हं' टाइप करून तिघींची बोटं मोडायची वेळ येई. 'हं' गाळायचे नाहीत. माणूस गप्प बसला तर किती सेकंद, तेही लिहायचं. हसला तर कंसात 'हसतो'. हुंकारबाईच्या अभ्यासाचा विषय होता, अगदी जवळच्या माणसापासून राखून ठेवलेली गोष्ट. ती कागदावरून वाचून दाखवत होती, की तुम्ही केव्हाही थांबू शकता, नको त्या प्रश्नाचं उत्तर देऊ नका, नंतर मनात आलं तर सगळं पुसून टाकायला सांगा, कारणही विचारणार नाही. आणि क्रमांक सतरानं विचारलं, "माझी बायको इथंच कामाला आहे. टाइप करते. तिच्यापर्यंत नाही ना जाणार हे?"

"नाही जाणार," हुंकारबाई म्हणाली. "तुमचं मी स्वतः टाइप करीन. ती माझी जबाबदारी."

आता बोला. बायको ते वाक्य ऐकत होती, टाइपसुद्धा करत होती. ही फाइल आपल्याकडे आलीच कशी, हा प्रश्न तिच्या मनात आला आणि मागं पडला. त्याच्या जागी दुसराच प्रश्न येऊन बसला, की हा राखून काय ठेवणार? वजनमापं तपासणारा माणूस. दुकानादुकानांत जाऊन तराजूंवर शिक्के मारायचे, काटा इकडचा तिकडं झाला तर नोटीस द्यायची, संध्याकाळी सहाला घरी यायचं, पाय धुवायचे. नाकासमोर चालणारा. तिच्या बहिणी थट्टेनं म्हणायच्या, तुझ्या नवऱ्याचं मन म्हणजे काचेचं कपाट, आत काय ठेवलंय ते बाहेरूनच दिसतं. तिला ती थट्टा आवडायची. आणि आता तो त्या मुलीला सांगत होता की लहानपणी त्याला अंधाराची भीती वाटायची म्हणून तो तोंडातल्या तोंडात वजनं म्हणायचा, छटाक, पावशेर, अच्छेर, शेर, आणि मुलगी हसली, आणि तो हसला. तिनं कंसात 'हसतो' लिहिलं. मग पेडल मागं दाबून ते हसू पुन्हा ऐकलं. खालून सुरू होऊन वर जाणारं, शेवटी जरा फुटणारं. असं तो घरी कधी हसला होता शेवटचा? तिला आठवेना. अंधाराची भीतीही तिला ठाऊक नव्हती. सव्वीस वर्षं ती त्याच्या शेजारी दिवा मालवत आली होती.

इथंच तिचं बिनसलं. खरंतर अजून काहीच ऐकलं नव्हतं, पण अंगाचा तिळपापड झाला. रागही नेमका कशाचा, तर त्या 'हं'चा. काय करत होती ती मुलगी? काही नाही. गप्प बसत होती, आणि योग्य वेळी 'हं' म्हणत होती. एवढ्यासाठी विद्यापीठाची पदवी लागते? आपण काय कमी वेळा 'हं' म्हटलं? पण आपण भाजी चिरताना म्हटलं, कपड्यांच्या घड्या घालताना म्हटलं, आणि त्यालाही त्यामागची घाई कळत असणार. या मुलीचा 'हं' रिकामा होता, त्यात बसायला जागा होती, आणि हा तिचा माणूस त्यात ऐसपैस पाय पसरून बसला होता. शेजारची टाइपिस्ट चहा सांगू का म्हणून विचारून गेली. तिनं मान हलवली. हो म्हणाली का नाही, तिचं तिला कळलं नाही.

मग विराम आला. अकरा सेकंदांचा. अकरा सेकंद लिहायचे तर मोजावे लागतात, तिनं मोजले. आणि तो म्हणाला, "आम्हाला एक मुलगी झाली होती. गेलेलीच झाली. बायको बेशुद्ध होती. तिला मी सांगितलंय की मीसुद्धा पाहिलं नाही, लगेच नेलं. ते खरं नाही. मी तिला घेतलं होतं."

(हं.)

"दहा मिनिटं. नर्सनं टॉवेलात गुंडाळून आणून दिली, म्हणाली, दहा मिनिटं देते, मग न्यावं लागेल. मला वजनाचा हात आहे. माझा हात चुकत नाही. दोन किलो, साडेतीनशे. केस होते. भरपूर. उजव्या कानाची पाळी जराशी दुमडलेली होती, ती मी सरळ करत होतो आणि ती परत दुमडत होती. डोळे मिटलेले. झोपलेल्याच्या डोळ्यांसारखे. मी तिला," इथं पीं असा आवाज आला, "म्हणालो. तीन-चारदा म्हणालो. नर्स म्हणाली, नाव ठरवलं होतं वाटतं? मी म्हटलं, हो. मग ती घेऊन गेली. बायको शुद्धीवर आली तेव्हा पहिलं तिनं हेच विचारलं, तू पाहिलंस? तोवर नेलं होतं. आता दाखवता येणार नव्हतं. हो म्हटलं असतं तर ती म्हणाली असती, मग मला का नाही? मी नाही म्हटलं. आणि एकदा नाही म्हटलं की मग रोज नाही म्हणावं लागतं."

तिनं ते सगळं टाइप केलं. बोटं चुकली नाहीत. बावीस वर्षांपूर्वीची ती खोली तिला आठवत होती, म्हणजे खोलीचं छत आठवत होतं, कारण तेवढंच दिसत होतं. एका कोपऱ्यात पोपडा आलेला, पंखा बंद. घशात औषधाची कडवट चव. तिनं मान वळवली तेव्हा तो खुर्चीत बसला होता आणि दोन्ही हात गुडघ्यांवर उताणे ठेवलेले होते. त्या हातांत काही नव्हतं. ते तिला किती बरं वाटलं होतं! बरं हा शब्द चुकीचा, पण दुसरा कुठला नाही. सासूबाई रडत होत्या, बहीण रडत होती, आणि तिला एकच आधार होता, की त्यानंही पाहिलं नाही. आपल्या दोघांच्याही वाट्याला सारखंच आलं, काहीच नाही. पुढं मूल झालं नाही. डॉक्टरांनी नाहीच म्हणून सांगितलं होतं. तरी संसार उभा राहिला तो त्या सारखेपणावर, असं ती मनाशी धरून होती. इतर बायका नवऱ्याचं प्रेम कशाकशावरून मोजत असतील, ती या एका गोष्टीवरून मोजायची. आणि हा उताणे हात करून बसलेला माणूस तेव्हा नुकताच ते वजन खाली ठेवून बसला होता! दहा मिनिटं. एकट्यानं. तिच्या पोटातली मुलगी, नऊ महिने तिनं वागवलेली, आणि केस यानं पाहिले, कान यानं सरळ केला, हाक यानं मारली.

पेडल मागं. पीं. पुन्हा मागं. पीं. सोळा वर्षांत तिनं हजारो पीं ऐकले होते, त्यामागं काय असेल याचा विचारसुद्धा केला नव्हता. आता ती तो आवाज मोजायला लागली. पाऊण सेकंदाहून थोडा कमी. म्हणजे तीन अक्षरी. दोन अक्षरी शब्द अर्ध्यात संपतो, चार अक्षरी सेकंदापर्यंत जातो, हा बोललेले शब्द टाइप करून करून बसलेला हिशेब होता. तीन अक्षरी नाव कुठलं? बाळंतपणाआधी त्यांनी नाव ठरवलं नव्हतं, आधी ठरवायचं नाही असं त्याचंच म्हणणं. तिनं मात्र डायरीच्या शेवटच्या पानावर गुपचूप तीन नावं लिहून ठेवली होती, आणि ती तिन्ही दोन अक्षरी होती. मग कुणाचं? एकदम तिच्या डोळ्यांसमोर ती पोहणारी आली. लग्नाआधीची, त्याच्या कॉलेजातली, पोहण्यात बक्षिसं मिळवणारी. त्यानं आपणहून सांगितलेलं, हसत, काही नव्हतं गं तसं म्हणून. एकदा रस्त्यात भेटलीही होती, रुंद खांद्यांची, मोकळी, आणि त्यानं ओळख करून देताना नाव घेतलं होतं. तीन अक्षरी. आपण मेल्यासारख्या टेबलावर पडलेल्या असताना यानं आपल्या मुलीला त्या बाईच्या नावानं हाक मारली, आणि नर्सला सांगितलं, हो, ठरवलं होतं.

संध्याकाळी तो सहाला आला. पाय धुतले. तिनं ताट वाढलं आणि त्याचे हात बघत बसली. घास मोडणारे, पाण्याचा पेला उचलणारे, अंगठ्याजवळ शाईचा डाग पडलेले. या हातांना ठाऊक आहे, तिला वाटलं. मला नाही. तिला ते हात धरून त्यातून ते वजन काढून घ्यावंसं वाटलं, जसं दुसऱ्याच्या कडेवरून मूल घेतात तसं. त्यानं विचारलं, बरं नाही का? ती म्हणाली, डोकं धरलंय. तो उठून गोळी घेऊन आला, पाणी दिलं, खिडकी लावून घेतली. हा चांगुलपणाच तिला सोसवेना. विचारावं तरी कसं? विचारलं की त्याला कळणार, की ज्या खोलीत त्याला शब्द दिला होता त्या खोलीचा कान घरातच होता. आणि नाही विचारलं, तर आजपासून तिलाही रोज नाही म्हणत राहावं लागणार. त्याला मात्र सगळं सांगून हलकं वाटत असणार. तो त्या दिवसांत खरंच बरा दिसत होता, आंघोळ करताना गुणगुणायचाही, आणि तिनं वेडीनं त्याचं श्रेय नव्या गादीला दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं काम केलं नाही, हुंकारबाईवर पाळत ठेवली. कँटीनमध्ये ती एकटीच बसून पाव खात होती, पुस्तक वाचत, कपाळावर आलेले केस फुंकरीनं उडवत. हिला माहीत आहे. एवढ्याशा या पोरीला, जिची आई शोभू इतक्या आपण मोठ्या, आपल्या मुलीचं नाव माहीत आहे, आणि ती पाव खाते आहे. मुलगी जगली असती तर हिच्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान असती, असंही मनात आलं, आणि त्यानं तर राग दुप्पट झाला. दुपारी हुंकारबाई वर्गावर गेली तेव्हा ती तिच्या खोलीत शिरली. कोपऱ्यात राखाडी कपाट, त्यात मूळ रेकॉर्डिंगं असतात हे विभागात सगळ्यांना ठाऊक. किल्ली पेन्सिलींच्या डब्यात, हेही सगळ्यांना ठाऊक. असल्या ठिकाणी कुलपं लाजेला असतात. तिनं किल्ली काढली. कुलपात घातली. फिरवायची तेवढी राहिली. तेवढ्यात मनात दातांचा डॉक्टर आला, आ वासून बसलेली ती आणि वरून तो विचारतोय, दुखतंय का. त्या माणसाचं काय गुपित असेल ते असो, सोळा वर्षं कुणी तिच्याकडे संशयानं पाहिलं नव्हतं. ती किल्ली तशीच कुलपात ठेवून खुर्चीवर बसून राहिली. तास संपल्यावर हुंकारबाई आली, आधी कपाटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि दार लोटून घेतलं.

सतरा नंबर माझ्याकडे आला, ती म्हणाली. हुंकारबाईचा चेहरा पांढरा पडला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. हुंकारबाईनं ती फाइल स्वतःसाठी बाजूला ठेवली होती. पण फाइली वाटणाऱ्या कारकुनाला कारण सांगता येत नव्हतं. यांना देऊ नका म्हटलं असतं तर सतरा नंबर यांचं कोण, हे त्याला कळलंच असतं. म्हणून ती काही बोलली नाही. आणि कारकुनाला यादीत एक फाइल न वाटलेली दिसली, तेव्हा त्यानं ती सगळ्यात विश्वासू बाईच्या टेबलावर नेऊन ठेवली. एवढंच. गुपित इतकं घट्ट बांधलं होतं की बांधणाऱ्यांनाच गाठ दिसली नाही.

"ताई, तुम्ही कुठं थांबलात?" हुंकारबाईनं विचारलं.

"नाही थांबले."

त्यावर ती मुलगी 'हं'सुद्धा म्हणाली नाही. आणि मग तिनं, जिनं सोळा वर्षं सगळ्या संशोधकांना तुम्ही-तुम्ही केलं होतं, एकदम एकेरीवर येऊन विचारलं, "काय नाव घेतलं त्यानं? तू ऐकलंयस. तूच पुसलंयस. माझी मुलगी होती ती. माझ्या मुलीचं नाव तुला माहीत असावं आणि मला नाही, हे तुझ्या कुठल्या नियमात बसतं?"

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून तिला आणखीच संताप आला, कीव करते म्हणून. हुंकारबाई म्हणाली, मला नाही सांगता येणार. तिनं मग आवाज खाली आणून, अगदी अजिजीनं, पोहणारीचं नाव उच्चारलं, आणि म्हणाली, हेच ना? तोंडानं सांगू नकोस, नुसती मान हलव. मुलगी हललीच नाही. हो नाही, नाही नाही. टेबलाची कड धरून उभी राहिली. तिला नंतर पुष्कळ दिवसांनी कळलं, की त्या क्षणी नुसती मान आडवी हलवली असती तरी तिच्या जिवाची तगमग थांबली असती, आणि ते त्या मुलीलाही दिसत होतं. पण नाही म्हणणं हेसुद्धा सांगणंच झालं असतं. तेव्हा मात्र तिला तो निव्वळ दगडपणा वाटला.

"हे त्यांना कळवावं लागेल," हुंकारबाई अखेर म्हणाली. "त्यांना दिलेला शब्द मोडला. माझ्याकडून. कदाचित माझा अभ्यास बंद करतील, करू देत. पण त्यांना आधी सांगितलं पाहिजे. बाकी त्यांचं त्यांनी ठरवायचं."

ती आपल्या जागी परत आली. खणातून पिवळी चिठ्ठी काढली आणि लिहिलं, 'ओळखीचा आवाज. शेवटपर्यंत ऐकला.' खाली सही केली. अडतीस पानं टाइप केलेली होती, ती आणि चिठ्ठी मोठ्या सरांच्या टेबलावर ठेवताना तिला नोकरीचं काय होईल याची काडीची फिकीर वाटली नाही. तिला एवढंच वाटत होतं, की आता त्या माणसाला बोलावतील, ती पोरगी पुन्हा त्याच्यासमोर बसेल, माफी मागेल, तो समजून घेईल, आणि त्या दोघांत आणखी एक गोष्ट होईल जी माझ्याशिवाय झाली. मत्सराला म्हणे डोळे नसतात. तिच्या मत्सराला कान मात्र चांगले तिखट होते, आणि ते आता बंद व्हायला तयार नव्हते.

शुक्रवारी दुपारी त्याला बोलावलं. ती टाइपच्या खोलीतच बसून होती, पेडलवर पाय न ठेवता. तिला पंधरा दिवस कामावरून दूर ठेवलं होतं, पण ते येत्या सोमवारपासून. पावणेपाचला तो खोलीच्या दाराशी आला. असा कधी आला नव्हता. चल, म्हणाला, घरी जाऊ. दोघं चालतच निघाली. वाटेत त्यानं सांगितलं, की रेकॉर्डिंग ठेवू का पुसू, असं विचारलं, मी पुसा म्हटलं. त्या मुलीची तक्रार करायची का विचारलं, नको म्हटलं. दोन चौक ओलांडल्यावर तो एका बंद दुकानाच्या पायरीपाशी थांबला, आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "सगळं ऐकलंस?"

"नाव सोडून."

तो इतका वेळ गप्प राहिला की तिला सवयीनं सेकंद मोजावेसे वाटले. तिनं मोजले नाहीत. त्याऐवजी मनात साचलेलं सगळं ओकून टाकलं. माझ्या मुलीला तू धरलंस आणि मला बावीस वर्षं रिकामे हात दाखवलेस. आणि सांगायचं तर त्या पोरीला सांगितलंस, जिला तू जन्मात एकदा भेटलास. मला किती झोंबलं असेल याचा अंदाज आहे? आणि वर त्या तुझ्या पोहणारीचं नाव. ते तरी नको होतं रे. दुसरं कुठलंही चाललं असतं.

"कुठली पोहणारी?" तो म्हणाला. त्याला खरंच आठवायला वेळ लागला. मग तो तिथं पायरीवर बसला, चांगल्या पँटीनिशी, धुळीत. "अगं, तुझं काही सांगता येत नाही म्हणाले होते. आत तू, आणि बाहेर माझ्या हातात ती. डॉक्टर येऊन म्हणाला, तयारी ठेवा. मला दुसरं काही सुचलंच नाही. तुझंच नाव घेत होतो. तुला हाक मारत होतो का तिला, मला अजून कळलेलं नाही. नर्सला वाटलं तिचं. मी म्हटलं, हो. म्हटलं, असू दे. तेवढं तरी तिच्याजवळ असू दे."

तीन अक्षरं. तिनं सगळी तीन अक्षरी नावं धुंडाळली होती. मावसबहिणींची, मैत्रिणींची, दुकानांच्या पाट्यांवरची. ज्या नावावर महिन्याचा पगार येत होता, ज्या नावानं पिवळ्या चिठ्ठीखाली सही केली होती, ते मोजायचं तिला सुचलं नव्हतं. ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली. रडली नाही. म्हणाली, "पाळी उजव्या कानाची?" तो म्हणाला, उजव्या. आणि मग त्यानं हात पुढं केले, दोन्ही उताणे, थोडे आत वळवलेले, आणि रस्त्यात माणसं येत-जात असताना हळूच तिच्या हातांखाली आपले हात धरून दाखवलं, की एवढं. एवढं होतं. ती तळहातांवर काही नसलेलं ते वजन तोलत बसली. खरंच बरंच होतं.

म्हणून सगळं निवळलं असं नाही. मत्सर काही पाहुण्यासारखा निरोप घेऊन जात नाही. घरी आल्यावर, चहा टाकताना, तिच्या मनात नवंच काही उभं राहिलं. बाकीचे नवरे अगं, ऐकलंस का, अशा हाका मारतात. हा पहिल्यापासून नावानं हाक मारायचा, पुरं नाव, लाडानं तोडलेलं नाही. बहिणी हेवा करायच्या. म्हणजे बावीस वर्षं, दिवसातून दहा वेळा, टॉवेल दे म्हणून, दार लाव म्हणून, किल्ली कुठंय म्हणून हा ते नाव घेत होता, आणि प्रत्येक वेळी ओ तिनं दिली होती. त्यातल्या किती हाका तिच्या होत्या? तिला त्या दोन किलो साडेतीनशेच्या पोरीचाही हेवा वाटला. आणि हेवा वाटल्याची इतकी लाज वाटली, की ती ओट्याला धरून उभी राहिली. बावीस वर्षं एकाही हाकेला त्या पोरीला ओ देऊ दिली नव्हती. पुढं पुढं करून सगळ्या आपणच घेतल्या होत्या.

आतल्या खोलीतून त्यानं हाक मारली. नावानं, नेहमीसारखी, काहीतरी सापडत नसावं. तिच्या तोंडाशी ओ आली होती. तिनं ओठ मिटले आणि गॅस बारीक केला. घर शांत होतं. ती हाक तिनं जाऊ दिली. तो थांबला, आणि त्यानं पुन्हा एकदा, जरा सावकाश, तेच नाव घेतलं.

"आले," ती म्हणाली.